धाकटी घंटा

बाबा गेले तेव्हा मला सगळ्यात आधी धाकटी घंटा आठवली.

आमचं एर्लेनष्टाइन हे जर्मनीतलं गाव नदीच्या वळणावर, खडकाच्या सोंडेवर वसलेलं आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला खडक फोडून केलेला खंदक. वर किल्ला, तटाच्या आत दाटीवाटीची घरं, आणि खाली कुरणात आम्ही. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलून दिलेल्या जर्मनांसाठी तिथे बैठी घरं बांधली होती. बाबा लहान असताना आईचं बोट धरून आले आणि पुढे याच गावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. पिशेल आमचं आडनाव; तटाच्या आतल्या वरच्यांसाठी ते कायम 'कुरणातले पिशेल'च राहिले.

रविवारी ते पाहुण्यांना किल्ला दाखवत. चाव्यांचा जड जुडगा दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी पुढे चालायची. दुपार संपली की खंदकाच्या कठड्यावर बसून आम्ही आलुबुखाराचा केक खायचो. बाबांच्या कोटाच्या खिशात राहून तो नेहमी चपटा झालेला असायचा.

खालच्या वेशीपाशी ते थांबत. "सतराव्या शतकात, तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या सैन्यानं वेढा घातला, तेव्हा कुरणातली माणसं इथं दार ठोठावत होती. आतल्यांनी दार उघडलं नाही."

लगेच वेशीला लागून असलेल्या घराच्या खिडकीतून ओटिलीमावशी ओरडायची, "गंजलं होतं! दार गंजलं होतं, लोथार! किती वर्षं सांगू?"

"एका रात्रीत गंजलं का गं?"

"कुरणात राहून आम्हाला वेशीचं शिकवू नकोस!"

पाहुण्यांना वाटे, हे ठरवून केलेलं नाटक आहे. खरं तर दोघं शाळेत एका बाकावर बसायची, तेव्हापासून हे भांडण चालू होतं.

धाकटी घंटा किल्ल्याच्या बुरुजात आहे. त्या वेढ्यातून वाचलेल्यांनी ती बसवली, आणि तेव्हापासून ती फक्त तटाच्या आत जन्मलेल्या माणसाच्या अंत्यविधीला वाजते. बुरुजाची चावी ओटिलीमावशीच्या घराण्याकडे. बाबांनी कधी तक्रार केली नाही. फक्त ती कुणासाठी वाजू लागली की हातातलं काम ठेवून, संपेपर्यंत खिडकीशी उभे राहत.

मी मावशीकडे गेले तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"बस, आल्मुट. घंटेचं विचारायला आलीस ना?"

"हो."

"नाही वाजवता येणार. माझ्या नवऱ्यासाठीसुद्धा नाही वाजवली. तो नदीपलीकडचा होता."

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा तिनं विचारलं, "विधी कधी आहे?"

"शुक्रवारी, अकराला."

"शुक्रवारी मी घंटेला तेल घालणार आहे." तिची सुरी थांबली नाही. "गंज चढलाय. तेल घातलं की वाजवून बघावी लागते."

"किती वेळ?"

"ते गंजावर आहे."

शुक्रवारी कुरणाच्या टोकाला दफनभूमीत शवपेटी खाली सोडत असताना वरून पहिला ठोका आला. पातळ, जरासा बेसूर. पाद्री पुस्तक मिटून थांबले. वरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. पेटी खाली टेकली, एकेकानं मूठभर माती टाकली, तरी घंटा वाजतच होती.

"एवढा कसला गंज?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"गप बस आणि टोपी काढ," त्याची बायको म्हणाली.

वसंतात किल्ला पाहुण्यांसाठी पुन्हा उघडला, तेव्हा दाखवायला मी उभी राहिले. खालच्या वेशीपाशी बाबांची वाक्यं जशीच्या तशी म्हटली आणि सवयीनं थांबले. खिडकी उघडी होती. आत मावशी बसलेली दिसत होती, पण बोलली नाही. पाहुणे माझ्याकडे बघत होते.

"काही जणांचं म्हणणं असं," मी म्हणाले, "की दार गंजलं होतं."

"काही जणांचं नाही, माझं!" खिडकीतून आवाज आला. "आणि जरा मोठ्यानं बोल, पोरी. तुझ्या बापाचा आवाज खंदकापलीकडे जायचा."

मी जुडगा पोटाशी धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.