बाईंचे शेरे

अध्यापक महाविद्यालयात बाईंना सव्वीस वर्षं झाली होती. उद्याच्या शिक्षिकांची पाठटाचणं, म्हणजे वर्गात काय आणि कसं शिकवणार याची आखणी, तपासायची आणि समासात लाल शेरे मारायचे, हे त्यांचं काम. पूर्वी एकेका शेऱ्यावरून मुली हुज्जत घालायला यायच्या. "तोंडाला फेस आणतात कार्ट्या," असं बाई घरी बहिणीला सांगायच्या. यंदा बहीण मुलाकडे राहायला गेली, घर खायला उठलं, आणि इकडे हुज्जतही बंद पडली. टाचणं चोख येत. शेरा मारला की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती हजर.

एका दुपारी त्यांनी चिवचिवला बोलावलं. मुलगी हुशार, पण तोंडातून शब्द काढायची नाही, म्हणून मैत्रिणींनी मुद्दाम ठेवलेलं नाव.

"हे तू लिहिलंस?"

"नाही बाई. एआयनं."

"आणि माझे शेरे?"

"तेही त्यालाच देते. तो सुधारून देतो." ती ओशाळली. "पण शेरे मी वाचते. खरंच."

बाई रागवायला गेल्या आणि थांबल्या. चष्मा काढून पुसत बसल्या.

"महिनाभर शेरे माझे नाहीतच," त्या हळूच म्हणाल्या. "बत्तीस वह्या, डोळे दुखतात. त्यालाच विचारते आणि लाल पेनानं उतरवून काढते."

चिवचिवनं झटकन मान वर केली. मग तिला हसू फुटलं, बाईंनाही. हसणं ओसरलं.

"मला वाटायचं, शेऱ्यांतून निदान तुम्ही तरी माझ्याशी बोलताय," ती म्हणाली. "खोलीवर मी एकटीच असते."

बाई उठल्या. त्यांनी खडू तिच्या हातात दिला. "अपूर्णांक शिकव. मला काही येत नाही असं समज."

ती अडखळली, पुसून पुन्हा लिहू लागली. बाईंनी शंकांवर शंका काढल्या.

"बाई, थांबा ना जरा! बोलू तर द्या!"

किती दिवसांनी कुणी त्यांच्यावर असं करवादलं होतं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी फलकावर लिहिलं: चार वाजता या, टाचण न आणता. आधी तिघी आल्या, मग एकटी चिवचिव. पुढे सरावासाठी तिला लांबच्या शाळेत धाडलं, तशी तीही यायची थांबली. बाई मात्र चारला खोली उघडून पाचपर्यंत बसत. शेरे आता त्यांचे त्याच लिहीत. दिवसाकाठी जेमतेम चार वह्या होत, आणि प्राचार्य रोज विचारत, "बाकीच्या कधी?"