राहायचं कुठे ठरवलंयस?

"आई, राहायचं कुठे ठरवलंयस?" माझ्या मुलाने, रिकार्डने, फोनवर विचारलं आणि माझा चेहरा पडला. फोनवर चेहरा दिसत नाही, हे एक बरं.

त्याचा चाळिसावा वाढदिवस होता. शनिवारी संध्याकाळी जेवणाचा मोठा बेत, आणि माझ्या सेफ्ले गावाहून गोथेनबर्गला जाऊन त्याच दिवशी परतायचं म्हणजे केक कापायच्या आधी गाडी पकडायला पळावं लागलं असतं. मुक्काम करणं भागच होतं. माझी बॅग तर भरूनही झाली होती. तळाशी माझ्या ठेवणीतल्या चादरी होत्या, कडेला आईच्या हातची क्रोशाची लेस असलेल्या. कुणाच्या घरी राहायला जायचं तर चादरी आपल्या आपण न्यायच्या, यजमानाच्या गळ्यात धुणं घालायचं नाही, हे आम्ही लहानपणापासून शिकलेलो. हॉटेलात कुणी चादरी नेत नाही. म्हणजे मी मनात काय धरून बसले होते, ते उघडच आहे.

पण "कुठे ठरवलंयस" असं विचारल्यावर काय बोलायचं? "तुमच्याकडे" असं ठणकावून सांगणाऱ्या बायका असतात. मी त्यातली नाही.

"बघते एखादं हॉटेल," मी म्हटलं. "माझ्यासाठी उगाच खटपट नको."

मग तो म्हणाला, "बरं. तुला सोयीचं होईल तसं."

सोयीचं! फोन ठेवून मी ओटा पुसायला घेतला आणि जो पुसलेलाच होता तो पुन्हा पुसला. रिकार्ड आणि इल्वा गोथेनबर्गच्या मायुर्ना भागात नव्या घरात गेले त्याला बराच काळ झाला होता. मी तिथे कॉफीला गेले होते, रात्री कधी राहिले नव्हते. इल्वा, माझी सून, बंदरात क्रेन चालवते. जहाजावरची अवाढव्य खोकी अलगद उचलून अलगद ठेवते, आणि बोलते मोजकं. मी तिला आवडते की नाही, याचा मला थांगपत्ता नव्हता. मुलाच्या घरात आपल्याला पाठ टेकायला जागा आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि नेमकं तेवढंच विचारायची छाती होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी टीरा आली. टीरा माझी शेजारीण आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांवरची स्वयंघोषित तज्ज्ञ. माझ्या हातचे वेलदोड्याचे बन खात तिने संगणकाचा ताबा घेतला.

"हे बघ, स्टेशनसमोरचं. मोठं आहे, न्याहारी आहे."

"स्टेशनसमोर राहायला मी काय सामान आहे?"

"हागा नावाच्या जुन्या वस्तीत एका बाईच्या घरात खोली मिळतेय. गल्ली किती गोड आहे! पण खालच्या मजल्यावर बेकरी, पहाटे खडखडाट. एकाने लिहिलंय, झोप झाली नाही पण वजन वाढलं."

"नको. अनोळखी बाईच्या घरात मी रात्रभर श्वास रोखून पडेन."

"मग पोटच्या पोराच्या घरात का नाही पडत?" टीराने चष्म्यावरून बघत विचारलं.

"त्याने बोलावलं नाही."

"तू विचारलंस?"

"टीरा! आपणहून विचारायचं? तू विचारलं असतंस?"

टीरा बन चावत विचारात पडली. "नाही बाई," ती शेवटी म्हणाली. "मी मेले असते, पण विचारलं नसतं."

मग तिला बोट सापडली. धक्क्याला कायमची बांधलेली जुनी प्रवासी बोट, तिच्या केबिन भाड्याने देतात. खिडकीतून बंदर दिसतं. भाडंही बेताचं, कारण चादरी आपल्या आपण न्यायच्या, नाहीतर त्यांचे वेगळे पैसे भरायचे.

"मग बोटच घे," मी म्हणाले. "चादरी तर बॅगेत आहेतच."

टीराचा हात थांबला. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या धुलाईखोलीत इस्त्रीच्या यंत्राच्या दोन रुळांमधून त्या चादरी दाबून काढताना दुसरं टोक तिनेच धरलं होतं. "त्या?" ती म्हणाली. "लेसच्या? त्या तू बोटीवर अंथरणार?"

"चादर ती चादर."

टीराने नुसतंच बटण दाबून केबिन नोंदवली. ती गप्प बसते तेव्हा मला जास्त राग येतो.

शनिवारी गाडीतून उतरले तर फलाटावर रिकार्ड उभा. मी येऊ नकोस म्हटलं होतं, म्हणून अर्थातच आला होता. मला घट्ट मिठी मारली, बॅग हिसकावून घेतली आणि म्हणाला, "आधी तुझं सामान बोटीवर टाकू, मग घरी जाऊ."

"मी एकटी जाऊ शकते."

"माहीत आहे. तू एकटी उत्तर ध्रुवावरसुद्धा जाशील."

केबिन म्हणजे भिंतीतलं कपाट होतं. आम्ही दोघं आत शिरलो तर एक बाहेर गेल्याशिवाय दुसऱ्याला वळता येईना. पलंगावर उघडी गादी. गोल खिडकीबाहेर एक गलेलठ्ठ सीगल पक्षी बसला होता आणि आत डोकावून ओरडत होता, आम्ही त्याच्याच खोलीत घुसल्यासारखे.

"सरक, तुझं अंथरूण घालून देतो," रिकार्ड म्हणाला.

"राहू दे, मी घालीन. रिकार्ड, राहू दे म्हणते ना!"

पण तोवर त्याने चेन उघडली होती. चादरी बाहेर निघाल्या, पांढऱ्याशुभ्र, काचेसारख्या गुळगुळीत, घडीवर लेस. तो त्या हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"या तू बोटीसाठी आणल्यास?"

"हो. का?"

"आई, मला गोवर आला होता तेव्हासुद्धा तू मला यांवर झोपू दिलं नाहीस. या फक्त कुणाच्या घरी जाताना काढतेस."

मी खिडकीकडे बघू लागले. सीगल माझ्याकडे बघू लागला. त्या खोलीत नजर चुकवायलाही जागा नव्हती.

"तुला आमच्याकडे राहायचं होतं," रिकार्ड हळूच म्हणाला. "मग हॉटेल का म्हणालीस?"

"तूच विचारलंस, कुठे ठरवलंयस म्हणून!"

"तू 'तुमच्याकडे' म्हणावंस म्हणून विचारलं! इल्वा शेजारीच उभी होती. तुझ्यासाठी पलंग आणलाय तिने, स्वतः जोडलाय. तू हॉटेल म्हणालीस आणि ती तडक बाल्कनीत जाऊन बसली. पुढे तू बोट घेतल्याचं कळलं तेव्हा म्हणाली, बघ, तुझ्या आईला माझ्यापेक्षा सीगल बरे वाटतात."

"मग तसं सांगायचंस ना मला, गाढवा!"

"तुझ्यावर जबरदस्ती नको वाटली."

"जबरदस्ती! अरे, मला जबरदस्ती हवी होती!"

हे मी इतक्या जोरात म्हणाले की सीगल उडून गेला. रिकार्ड हसत सुटला, त्याच्या मागोमाग मीही. पण हसता हसता माझे डोळे भरून आले. माझा हा भित्रेपणा इतका सफाईने त्याच्यात उतरला होता की कुणाला दोष द्यावा तेच कळेना.

"घरी जाऊन मी सांगतो तिला," तो म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हणाले. "तू आणि मी बोलून जे केलंय तेवढं पुरे. मीच बघते."

बॅग परत भरली आणि ट्रामने मायुर्नाला गेलो. इल्वाने दार उघडलं. हाताला मेयोनेझ लागलेलं, कोळंबीचा सँडविच केक, म्हणजे पावाच्या थरांचा तिखटमिठाचा केक, सजवणं चाललेलं. माझ्या हातातल्या बॅगेकडे तिचं लक्ष गेलं, पण तिने विचारलं नाही. विचारेल कशी, तीही आमच्यातलीच.

"ये, मायकेन," ती म्हणाली; ती मला नावानेच हाक मारते. "बोट कशी आहे?"

"छान आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. सवय, दुसरं काय. मग मी कोट न काढताच दारात उभी राहिले आणि आयुष्यात कधी न बोललेलं वाक्य बोलले. "इल्वा, मी आज तुमच्याकडे राहू का?"

तिने हात पुसायचे थांबवले. "तुला राहायचंय?"

"म्हणजे, तिथे सीगल फार ओरडतात, आणि खोली..." मी गडबडले आणि माझी मलाच चीड आली. "नाही. सीगलचं सोड. मला इथे राहायचंय. पहिल्यापासून राहायचं होतं. या चादरी तुझ्या घरासाठी आणल्या आहेत."

इल्वाने हात पुसून टाकले. मग तिने माझ्या हातातली बॅग घेतली, रिकार्डकडे बोट करून म्हणाली, "तू कोळंबी लाव," आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली.

खिडकीशी पलंग होता. शेजारी छोटा दिवा, त्यावर अजून दुकानाची चिठ्ठी. गादी उघडीच होती.

"चादरी तू आणशील असं रिकार्ड म्हणाला होता," इल्वा म्हणाली. "म्हणून घातल्या नाहीत. नंतर घालाव्याशा वाटल्या नाहीत."

आम्ही दोन बाजूंना उभ्या राहिलो आणि चादर ताणली. पोरीच्या हातात ताकद अशी की मी पलंगावर ओढली जायची राहिले. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर खदखदून हसली. मग लेसवरून बोट फिरवत म्हणाली, "मला वाटलं, मी तुला पसंत नाही."

"मला वाटलं, मी तुला."

वाढदिवस झकास झाला. माणसं आली, गाणी झाली, रिकार्डने कोळंबी लावली होती ती सगळी एकाच बाजूला. मी मात्र सगळ्यांच्या आधी झोपायला गेले. मला त्या पलंगावर पडायची घाई झाली होती.

सकाळी रीतीप्रमाणे मी चादरी काढल्या, घडी केली आणि बॅगेत ठेवायला घेतल्या. इल्वाने दारातून येऊन त्या माझ्या हातातून काढून घेतल्या, अगदी अलगद, जहाजावरून खोकं उचलावं तशा.

"इमारतीतली धुलाईखोली मंगळवारी माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "या इथेच राहतील. कपाटात एक खण रिकामा केलाय."

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरी परतताना बॅग इतकी हलकी होती की टीराने दारातच ओळखलं. "चादरी विसरलीस?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ठेवून आलेय," आणि तिला कॉफीला आत घेतलं.

बुधवारी इल्वाचा फोन आला. "मायकेन, तुझ्या चादरी सुरकुतल्या. इथल्या रुळांच्या यंत्रात मला जमत नाही, दुसरं टोक धरायला रिकार्डला घेतलं तर त्याने लेसच अडकवली. तू कधी येतेस?"

"शुक्रवारी," मी म्हणाले.

राहायचं कुठे ठरवलंयस, हे या खेपेला कुणीच विचारलं नाही.