थोरलीचं लग्न लावू नका

साळव्यांच्या सहाव्या पुस्तकाने माणिकपूरच्या वाचनालयात जेवढी भांडणं लावली, तेवढी नगरपालिकेच्या निवडणुकीनेही कधी लावली नव्हती.

साळवी हे एका कादंबरीमालेतलं घर. सहा भावंडं, प्रत्येकाचं एक पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक लग्न. नवं पुस्तक आलं की ग्रंथपाल विनी त्याला खाकी कव्हर घालून थेट टेबलाच्या खणात ठेवायची, कारण कपाटात ठेवलं तर हमरीतुमरी व्हायची. पाच पुस्तकांत पाच भावंडांची लग्नं लागली. सहावं थोरल्या वासंतीचं होतं. आईवडिलांच्या मागे हिनेच सगळ्यांना वाढवलं, मार्गी लावलं. आता एकेकाळी हिच्याशी ज्याचं जमत आलं होतं तो माधव विधुर होऊन परत येतो आणि सगळं घर दोघांची गाठ घालून द्यायच्या मागे लागतं. वासंती त्याला चहा देते, फाटकापर्यंत सोडायला जाते आणि एकटीच घरात परत येते. पुस्तक संपलं.

"एवढं वाचायला लावलं, आणि लग्नाचं जेवण नाही?" अँजेलिनाने पुस्तक प्रेमलताच्या टेबलावर आदळलं. दोघी वसईच्या टेलिफोन खात्यात शेजारीशेजारी बसायच्या. "मी त्या माधवसाठी माउलीला मेणबत्ती लावायचीच काय ती बाकी ठेवली होती गं!"

प्रेमलता हसली. तिने ते पुस्तक लागोपाठ दोनदा वाचलं होतं. आजवर एकाही कादंबरीने तिला असं घरी आल्यासारखं वाटू दिलं नव्हतं.

प्रेमलता राऊत तेव्हा पंचेचाळिशीची होती. निर्मळजवळ राऊतांची वाडी, केळी, नारळ, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाने लावलेला मोगरा. वडील गेले तेव्हा ती नुकती नोकरीला लागली होती. धाकटा भाऊ नरहरी आणि दोन बहिणी तेव्हा शाळेत होते. आईला वाडी पाहायची तर घर कोण पाहणार? प्रेमलताने पाहिलं. बहिणी लग्न होऊन गेल्या, नरहरीचं हंसाशी लग्न झालं, त्यांची राधिका कॉलेजात जायला लागली. आई गेल्यालाही आता काही वर्षं झाली होती. वाडीतल्या मागच्या दोन खोल्यांत प्रेमलता राहत होती. जेवण सगळ्यांबरोबर, बाकी दार आपलं आपलं.

नरहरी तिला कधी उलटून बोलत नसे. केळीच्या घडाला काय भाव घ्यावा इथपासून राधिकाने सायन्स घ्यावं की कॉमर्स इथपर्यंत, ताई म्हणेल ते. कुणी पाहुणा आला की तो सांगायचा, "ताईने आमच्यासाठी आयुष्य वाहिलं." असं म्हटलं की प्रेमलता उठून पाणी आणायला आत जायची. ते वाक्य तिला चपलेतल्या खड्यासारखं टोचायचं, पण भावाचं तोंड कसं बंद करायचं ते कळत नसे.

डिसेंबरात वाचनालयाने साळव्यांच्या वाचकांचा मेळावा ठेवला आणि लेखिकेलाच बोलावलं. हंसा आधीपासून उत्साहात होती, ते ठीक होतं, तीही साळव्यांची भक्त. पण नरहरीही निघाला, तेव्हा प्रेमलताला नवल वाटलं. त्याने शाळा सोडल्यापासून शेतीच्या मासिकापलीकडे काही वाचलं नव्हतं.

"ताई, ती जांभळी रेशमी नेसा ना," हंसा म्हणाली.

"वाचनालयात रेशमी कशाला?"

"एवढी मोठी लेखिका यायची आहे."

प्रेमलता जांभळी नेसली.

मेळाव्यासाठी घेतलेला शाळेचा हॉल भरून बायका बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. लेखिका ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची निघाली. तिने फार भाषण केलं नाही. "तुमच्यामुळे साळवी जगतात, तुम्ही बोला," म्हणाली आणि खाली बसली. मग काय, बांधच फुटला.

एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आधी सगळी माला गुळमट आहे असं सांगितलं आणि पाठोपाठ वासंतीला न्याय द्या अशी मागणी केली. दिवाणमानच्या एका तरुण सुनेला तर रडूच आलं. "तिने सगळ्यांचं केलं. तिच्या वाट्याला काय? रिकामं घर? देव असा नसतो, मॅडम." कुणी म्हणालं, माधवने माफी मागितली होती, मग अहंकार कशाला? कुणी म्हणालं, अशाने मुलींपुढे चुकीचा आदर्श जातो. हंसाही उठली. ती म्हणाली, "त्यागाचं फळ मिळायलाच हवं. नाहीतर आमच्यासारख्यांनी वाचायचं कशाच्या आशेवर?" टाळ्या झाल्या.

लेखिका उठून म्हणाली, "प्रकाशकांनाही अशीच पत्रं येताहेत. मी सातवं पुस्तक लिहायचा विचार करते आहे. माधव परत येईल." हॉलमध्ये एकच आनंद झाला. विनीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

आणि प्रेमलता उभी राहिली. उठायचं असं तिने ठरवलं नव्हतं. पाय आपोआप सरळ झाले होते.

"थोरलीचं लग्न लावू नका," ती म्हणाली.

टाळ्या थांबायला वेळ लागला. तिने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी टेलिफोनवर दूरच्या माणसाला सांगतात तसं, एकेक शब्द सुटा करून.

"पण ती एकटी पडते हो," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"कुठे पडते? चालत घरात जाते. दिवा लावते. मला त्यात पडलेलं काही दिसलं नाही." काहीजणी हसल्या. प्रेमलता हसली नाही. "तुम्ही सगळे त्याग त्याग म्हणताय. भावंडांना वाढवलं, खरं आहे. घरातली मोठी होती, वाढवलं. त्यानंतरची वीस वर्षं कुणी तिचे हात बांधले होते? तिला तसं राहायचं होतं म्हणून ती राहिली. आता तुम्ही तिला बक्षीस म्हणून नवरा देणार, आणि तो नको म्हटलं की अहंकारी म्हणणार. एवढ्या लग्नांच्या पुस्तकांत एक बाई आपल्या मर्जीने राहू द्या ना. एकच मागतेय."

ती बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. मागे कुणीतरी म्हणालं, "स्वतःचं झालं नाही ना, म्हणून." प्रेमलताने मागे वळून त्या बाईकडे पाहिलं, ती नजर खाली घालेपर्यंत. लेखिका मात्र तिच्याकडे बघतच राहिली होती. "तुमचं लक्षात ठेवीन," एवढंच ती म्हणाली.

हॉलबाहेर नरहरी एका गृहस्थांबरोबर उभा होता. पांढरा शर्ट, विरळ केस, चेहऱ्यावर अवघडलेपण. "ताई, हे सदानंद चुरी. सातिवलीला यांचा कारखाना आहे. वहिनी तीन वर्षांपूर्वी वारल्या."

तेव्हा तिला जांभळ्या साडीचा उलगडा झाला. हंसाने मान खाली घातली होती. नरहरी आशेने बघत होता, लहानपणी प्रगतिपुस्तक पुढे करून बघायचा तसा.

सदानंदच आधी बोलले. "मी आत मागे उभा होतो. तुमचं सगळं ऐकलं."

"मग मला वेगळं सांगायला नको."

"नको." ते किंचित हसले. "मला वाटलं होतं, मला चहा तरी मिळेल."

माणूस सरळ होता. तिला त्याचा राग आला नाही, उलट थोडं वाईटच वाटलं. "चहा घेऊ की," ती म्हणाली. समोरच्या टपरीवर चौघांनी उभ्याने चहा घेतला. सदानंदांनी थंडी यंदा कमी आहे असं सांगितलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते स्कूटरवरून निघून गेले.

रिक्षा करून तिघं घरी आले. वाडीत शिरल्यावर हंसाला राहवलं नाही. "एवढ्या लोकांसमोर! आम्ही तुमचं काही केलं नाही असं गावभर होणार आता."

"हंसा, तू आत जा," नरहरी म्हणाला. मग तो ओटीवर बसला. त्याचा चेहरा पडला होता. "ताई, मला फक्त फेडायचं होतं गं. तू आमच्यासाठी लग्न केलं नाहीस..."

"असं तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

प्रेमलता उभीच राहिली. बसलं तर आवाज मऊ होईल आणि आज तिला तो मऊ व्हायला नको होता. "पहिली चारपाच वर्षं घरासाठी थांबले, खरं आहे. तू वाडी हातात घेतलीस, त्यानंतर दोन स्थळं आली होती. चांगली होती. आई तयार होती. मीच नको म्हटलं. मला माझ्या खोल्या आवडतात, नोकरी आवडते. संध्याकाळी परत आले की माझी कुणी वाट बघत नाही, तेही आवडतं. मी तुमच्यासाठी काही वाहिलेलं नाही नरहरी."

"असं नको बोलूस."

"का नको?"

"मग मी इतकी वर्षं..." सापडलेली वस्तू कुणी हातातून काढून घ्यावी तसा तो दिसत होता. "मी आयुष्यभर तुझ्यासमोर मान वर केली नाही, ताई."

"मी कधी सांगितलं होतं, खाली घाल म्हणून?"

तो उठून आत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. नंतरचे कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. हंसाही पानं वाढून लगेच स्वयंपाकघरात जायची. एकटी राधिका तेवढी आत्याच्या खोलीत येऊन बसायची. "आत्या, काय बोललीस तू! आमच्या कॉलेजपर्यंत आलंय," असं तिने डोळे मोठे करून सांगितलं. प्रेमलताला घरातला अबोला जड गेला. एकदोनदा वाटलं, जाऊन म्हणावं, ठीक आहे, त्याग तर त्याग. त्याचं समाधान होईल. पण ती गेली नाही.

पुढच्या दिवाळीत सातवं पुस्तक आलं. वासंतीचं लग्न झालं, सनईसकट. विनीने ते हातात देताना आधीच सांगितलं, "प्रेमलताताई, रागावू नका." अँजेलिनाने दोन दिवसांत संपवलं आणि तिला भरून आलं. प्रेमलताने लग्नाच्या आदल्या प्रकरणापर्यंत वाचलं, पुस्तक परत केलं आणि वाचनालयाच्या अभिप्रायाच्या फळ्यावर खडूने लिहिलं, "सहावं शेवटचं होतं." दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते पुसलं. तिने पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा पुसलं गेलं तेव्हा तिने लिहायच्या आधीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं, तेच शब्द, वेगळ्या अक्षरात.

त्याच सुमारास नरहरीने मारुती व्हॅन घेतली आणि ती लावायला बावखलाकाठचा मोगरा काढायचं ठरवलं. विचारायला आला नाही. सकाळी कुदळ घेऊन थेट वाफ्यात उतरला.

"मोगऱ्याला हात लावायचा नाही!" प्रेमलता मागच्या दारातून ओरडली.

"गाडी काय डोक्यावर ठेवू?"

"पुढे ठेव. केळी काढ चार."

"केळी काढ म्हणे! तुला वाडीतलं काय कळतं? दिवसभर फोन कानाला लावून बसतेस!"

"तुझ्या जन्माआधीपासून या वाडीत वावरतेय मी!"

"म्हणून काय सगळं तुझंच चालणार?"

हंसा घाबरून ओटीवर आली. एवढ्या वर्षांत या घरात भावाने बहिणीवर आवाज चढवलेला तिने ऐकला नव्हता. नरहरी लालबुंद झाला होता, मान ताठ, थेट प्रेमलताच्या डोळ्यांत बघत. प्रेमलताने पदर खोचला आणि वाफ्यात उतरून त्याच्या कुदळीसमोर उभी राहिली. तिला आतून इतकं मोकळं वाटत होतं की हसू येईल की काय अशी भीती होती.

"हलणार नाही मी," ती म्हणाली. "ओरड अजून."