जाड तार

दिरानं पुढे केलेली पहार तिनं हातात घेतली, क्षणभर तोलली आणि शेडच्या दारातून बाहेर फेकून दिली. पहार खणखणत दगडांवर जाऊन पडली.

"भाऊजी, पहारेनं खड्डे खणतात. गिअरबॉक्स उघडत नाहीत."

गाडीचा मालक खदखदून हसला. गाड्या भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा होता, आणि झाडून सगळ्या गाड्या दिराच्या गॅरेजमध्ये जायच्या. ही पांढरी मात्र तिथूनच दोर लावून इकडे ओढून आणावी लागली होती. चाक फिरवणारा डावीकडचा शाफ्ट गिअरबॉक्समध्ये असा रुतला होता, की दिरानं ठोकून, उचकटून, शिव्या घालून पाहिलं, तरी तो केसभर हलला नाही. शेवटी मालकच म्हणाला, चल तुझ्या वहिनीकडे. आणि दीर नाक मुठीत धरून आला.

नवरा गेल्यावर याच माणसानं तिच्या हातातून गॅरेजची किल्ली काढून घेतली होती. तीही चार गिऱ्हाइकांसमोर. "बायकांनी घर बघावं," म्हणाला होता. नवऱ्याच्या शेजारी गाडीखाली झोपून ती सगळं काम शिकली होती, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. तरी म्हणाला. तेव्हापासून या पत्र्याच्या शेडमध्ये स्कूटरी आणि टेम्पो दुरुस्त करताना तिनं आजचा दिवस मनात पुन्हा पुन्हा घडवला होता. त्यात दीर असाच उभा असायचा आणि मालक बघत असायचा. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं गिऱ्हाईक तोडायचं. बाकी काही नको होतं तिला.

ती गाडीखाली सरकली. बॅटरीच्या उजेडात गिअरबॉक्सच्या केसिंगचा उडालेला टवका दिसला.

"मालक, यांनी अजून एक घाव घातला असता ना, तर गिअरबॉक्स भंगारात गेला असता."

"वहिनी, कामाचं बघा."

"घर बघा म्हणालात, घर बघून झालं. आता गाडीच बघतेय. या इकडे, बसा खाली."

दीर उकिडवा बसला. शाफ्टच्या आतल्या टोकाला खोबणीत एक रिंग असते. ओढलं की ती दबते आणि शाफ्ट सुटतो. ही दबतच नव्हती. अशा वेळी जोर कामाचा नसतो. शाफ्ट नखभर फिरवायचा, झटका द्यायचा, पुन्हा नखभर फिरवायचा. कुठेतरी एका जागी रिंग नमतेच. तिनं दांड्यावर मागेपुढे सरकणारा वजनी हातोडा शाफ्टला अडकवला.

"फिरवा. थांबा. परत फिरवा. अहो, जात्यासारखं गरगरा नाही, नखभर!"

मान खाली घालून तो फिरवत राहिला. घामाचे थेंब त्याच्या नाकावरून खाली तिच्या बाहीवर पडत होते. एका जागी शाफ्ट किंचित सैल लागला. तिथंच झटका दिला असता तर निघाला असता. तिनं दिला नाही.

"परत फिरवा," ती म्हणाली.

एक अख्खा फेरा तिनं त्याला उगाच करायला लावला. पुन्हा ती जागा आल्यावर दातओठ खाऊन झटका दिला. काहीतरी कडकन वाजलं आणि शाफ्ट काळं ऑइल ओकत बाहेर आला.

ती उभी राहिली. मालकासमोर शाफ्ट धरून म्हणाली, "ज्यानं ही रिंग बसवली ना, त्याला हात नव्हते, खूर होते. जनावराला कामाला जुंपलं असतं तरी त्यानं बरं काम केलं असतं."

मग तिनं फडक्यानं टोक पुसलं.

रिंग दुकानातली नव्हती. तार जरा जाड होती आणि दोन्ही टोकं तिरपी घासलेली. तिचा हात थांबला. एकदा नवऱ्यानं बसवलेला शाफ्ट भर रस्त्यात निसटला होता आणि सगळा बाजार हसला होता. त्यानंतर त्यानं विकतच्या रिंगा घेणंच सोडलं. दाराच्या जुन्या स्प्रिंगा सरळ करून तो स्वतः रिंगा वळायचा. "माझी रिंग जन्मात सुटायची नाही," म्हणायचा. तार पकडीत धरून बसायला तीच असायची.

"कोणी बसवली पण?" मालकानं विचारलं.

तिनं वर पाहिलं. दिराची नजर रिंगेवरच होती.

"मी," तो म्हणाला.

"तू? अरे, पण ही गाडी तर तुझा भाऊ, मोठे मिस्त्री..."

"नंतर मी उघडली होती."

खोटं बोलत होता. तिच्या तोंडात शब्द आले होते. तिनं फडकं घट्ट पिळलं, दुसऱ्या हातात घेतलं.

"मग आता मी बसवते," ती म्हणाली. "आणि मालक, पुढची गाडी यांच्याकडे नेण्याआधी विचार करा."

"विचार कसला? उद्यापासून सगळ्या इकडेच." मालक दिराकडे वळला. "तुझा भाऊ असता ना, तर लाजेनं मेला असता."

दिरानं मान हलवली. फोन वाजला म्हणून मालक बाहेर गेला. दीरही बाहेर जाऊन पहार उचलून आला आणि दारात थांबला.

"ओळखलीत ना?"

"ओळखली."

"अशा अजून होत्या. दादा गेल्यावर एकेक गाडी अडकून यायला लागली. सगळ्या रिंगा काढल्या मी, गुपचूप नव्या घातल्या. ही एकच निघेना."

"म्हणून किल्ली घेतलीत? मला दिसू नये म्हणून?"

तो शर्टाच्या टोकानं पहार पुसत राहिला.

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगणार होतो, वहिनी?" तो म्हणाला. "राहू द्या. गाड्या ठेवा तुम्ही."

ठेवा म्हणे! एवढी वर्षं दात धरून मिळवलेलं, त्याच्या घशातून ओढून काढलेलं, तो दान टाकल्यासारखं टाकून चालला होता.

"भाऊजी!"

तो वळला. त्याच्यासाठी साठवलेल्या शिव्या तिला सगळ्या पाठ होत्या. त्यातली एकही आता त्याला लागू पडेना. तो पहार खांद्यावर टाकून निघून गेला.

तिनं रिंग खोबणीतून उचकटून शिकंज्यात आवळली, करवत घेतली आणि घासायला लागली.

"मिस्त्री," मालक दारातून म्हणाला, "गाडी कधी मिळेल?"

"बाहेर थांबा."

रिंगेवर ओरखडासुद्धा उठला नाही. पात्याचेच दात गेले. तिनं पातं बदललं आणि पुन्हा घासू लागली.