क्रुसामागचं घर

"नाही उघडत रे, क्लेमेंट. नुसतं गोल गोल फिरतंय," फोनच्या स्पीकरवर लॉईड म्हणाला. कॅनडातून त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. माणूस मात्र काही केल्या येत नव्हता.

"इकडे तर पटकन उघडतं. तू नीट टाक ना पत्ता."

"कुठला पत्ता दिलास, पप्पा?" नादियाने विचारलं आणि आकडे ऐकून कपाळाला हात लावला. "अरे, हा घरातल्या घरात चालणारा पत्ता आहे. आपल्या वायफायवर ठीक आहे. कॅनडातल्या माणसाला याचा काय उपयोग?"

क्लेमेंट जरा खट्टू झाला. मरोळच्या गावठाणात आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातून व्हायची तीच चूक त्याच्या हातून झाली होती. 'क्रुसामागचं घर' एवढं सांगितलं की पोस्टमनपासून पाववाल्यापर्यंत सगळे बरोबर दाराशी यायचे. पत्ता याहून लांबलचक असतो, हे त्याला मनातून कधी पटलंच नव्हतं.

आता ते घर नव्हतं. त्या जागेवर पाच मजल्यांची इमारत उभी होती आणि तिसऱ्या मजल्यावर क्लेमेंट, ल्युसी आणि त्यांची लेक राहत होते. बिस्किटांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रिकामा बसून तो कुरकुर करायला लागला, तेव्हा नादियाने त्याला ठोकळ्यांचा एक खेळ शिकवला. ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा आणि जग उभं करायचं. क्लेमेंटने दुसरं कसलं जग उभं करायचं? त्याने क्रूस बांधला, विहीर खणली, बांधावर बांबू लावले आणि भाताची खाचरं पार टेकडीपर्यंत नेली. सगळ्यात शेवटी, क्रुसामागे खाचरांच्या पलीकडे, कौलारू घर उभारलं. जुना लॅपटॉप फ्रिजवर ठेवून नादियाने ते जग कायमचं चालू ठेवलं, म्हणजे कुणीही, कधीही आत शिरावं. दुपारी ल्युसी घोरायला लागली की क्लेमेंट त्या बांधावरून हिंडायचा. आपण आत्ता बसलोय ती खुर्ची त्याच घराच्या वर, हवेत तरंगतेय, असं त्याला वाटायचं आणि फार बरं वाटायचं.

लॉईड त्याचा थोरला भाऊ. ऐन तारुण्यात बाहेर गेला तो गेलाच. घर पाडलं तेव्हाही त्याला येता आलं नाही. आता त्याच्या किडन्या गेल्या होत्या, एक दिवसाआड डायलिसिस, आणि डॉक्टर विमानाचं नाव काढू देत नव्हते. मागे बोलता बोलता तो म्हणाला होता, "एकदा घर बघायचं होतं रे." क्लेमेंट शब्द देऊन बसला. "आगेऱ्याला तू घरी असशील."

आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. शेतातल्या पहिल्या लोंब्यांना फादर आशीर्वाद देतात, मग त्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या. शेतं गेली तरी सण राहिला होता. तो रविवार आठवड्यावर आला होता, आणि लॉईडचा आवाज दर फोनला थोडा थोडा बारीक होत चालला होता.

नादियाने राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी दार उघडलं. काही नाही. लॅपटॉपचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, कुणाला आत सोडत नव्हता, त्यालाही समजावलं. तरी नाही. मग तिला एक गोष्ट खटकली. राउटर स्वतःचा एक नंबर सांगत होता आणि बाहेरच्या जगाला दिसत होता भलताच.

क्लेमेंट तडक केबलच्या ऑफिसात गेला. तिथल्या हर्षदने ऐकून घेतलं आणि हसला. "अंकल, तुमच्या अख्ख्या गल्लीला बाहेर एकच नंबर आहे. येणारा गल्लीच्या तोंडाशी येतो, पण जायचं कुणाकडे ते कसं कळणार?"

"मग माझा मला वेगळा दे."

"कशाला? धंदा-बिंदा टाकला काय घरी?"

"भाऊ यायचाय," क्लेमेंट म्हणाला.

हर्षदला नीट उमगलं नसावं, पण पुढे त्याने चेष्टा केली नाही. शनिवारी नंबर मिळाला. क्लेमेंट फोनचं वायफाय बंद करून खाली उतरला आणि खऱ्या क्रुसापाशी जाऊन उभा राहिला. रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. त्याने नवा पत्ता टाकला. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग त्याच्या तळहातावर, धुक्यातून यावीत तशी, हिरवी खाचरं उगवत गेली. तो बाहेरून आत आला होता. तिथेच उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून आले.

रविवारी संध्याकाळी, तिकडच्या सकाळी, लॉईड आला. नातवाच्या टॅबवरून, ठेचकाळत, दोनदा झाडावर आपटून. खेळातल्या क्रुसाखालच्या पेटीत क्लेमेंटने त्याच्यासाठी चिखलात घालायला कातडी बूट ठेवले होते आणि एक पेंढी. खेळात भात नव्हता, खाचरांतही गहूच लावावा लागला होता, म्हणून पेंढीही गव्हाची.

"गव्हाचा आगेरा! फादरना सांगू नका," ल्युसी मागून म्हणाली.

बूट घालून, पेंढी धरून लॉईड बांधावरून चालू लागला. क्लेमेंट मागे. फोनवर दोघांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. विहिरीपाशी लॉईड थांबला, टेकडीकडे बघत राहिला. मग घर आलं. दारात तो पुन्हा थांबला.

"काय झालं? आत ये ना."

"थांब रे. पायात बूट आहेत. आई ओरडेल."

नादियाने हळू आवाजात बूट कसे उतरवायचे ते सांगितलं. लॉईडने ते उंबऱ्याबाहेर टाकले आणि तो अनवाणी आत गेला. पेंढी अल्ताराखाली, घरच्या देव्हाऱ्यापाशी ठेवली. बराच वेळ फिरला.

"खिडकीशी माझी खाट होती. ही तर तुझी दिसते."

"तू गेल्यावर मी खिडकीशी आलो."

"बरं केलंस," लॉईड म्हणाला. तेवढ्यात तिकडे हॉस्पिटलची गाडी आली. "चल, पुढच्या रविवारी येतो," असं म्हणतोय तोवर तो दिसेनासा झाला. बूट दाराशी राहिले.

"पप्पा, लवकर लांब जा, क्रुसापर्यंत!" नादिया म्हणाली. "खाली पडलेली वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होते. पण जवळपास कुणी नसलं की तिथला वेळ थांबतो."

क्लेमेंट बांधावरून धावत सुटला. रविवारी लॉईडला बूट तिथेच, दाराशी मिळायला हवे होते.

पुढचा रविवार आला, पण शुक्रवारीच लॉईड गेला होता.

चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली. नंतर क्लेमेंट खेळात शिरला आणि क्रुसापाशी उभा राहिला. मधे सगळी खाचरं होती, पलीकडे धुकं. घर दिसत नव्हतं.

"पप्पा, मी धावत जाऊन बूट उचलू? पेटीत ठेवले की कायम राहतील," नादिया म्हणाली.

"नको. राहू दे तिथेच," क्लेमेंट म्हणाला. "दाराबाहेर बूट आहेत म्हणजे माणूस घरात आहे."

ल्युसी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने फ्रिजवरच्या लॅपटॉपवरची धूळ पदराने पुसली आणि त्याची वायर सॉकेटमध्ये नीट बसलीय ना, ते दाबून बघितलं.