मनकर्णाची जागा

बसप्पा शेटजींनी धारूरच्या बाजारात आपल्या कापडाच्या दुकानातच ‘विश्वसोबती मंडळ’ सुरू केलं, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. इथल्या पोरांनी परदेशातल्या पोरांना पत्रं लिहायची, एवढंच काम. पण हळूहळू उत्तरं यायला लागली, मग पाहुणे आले, आणि आता मंडळाची जिल्ह्यात अकरा केंद्रं आहेत. पंचवीस वर्षं झाली म्हणून मंडळाचा इतिहास छापायचं ठरलं. लिहायचं काम शेटजींच्या मुलीकडे, प्रणिताकडे आलं. ती धारूरच्याच केंद्रात शिकवायची.

२००५ सालापर्यंत तिचा हात भराभर चालला. तिथं अडला.

त्या वर्षी डेन्मार्कच्या एका शाळेनं मंडळातल्या एका विद्यार्थ्याला वर्षभरासाठी बोलावलं होतं. निवड झाली मनकर्णाची. सिदू धनगराची पोर, सोळा वर्षांची, शाळेत प्रणिताच्याच वर्गात शिकणारी. मेंढ्या कुठं बसवल्या, कोकरू कसं दगावलं, असलंच ती पत्रांत लिहायची, पण तिकडच्या शाळेनं तिची पत्रं भिंतीवर लावली होती. पासपोर्टसाठी पत्ता दुकानाचा दिलेला. एका दुपारी पोस्टमननं पाकीट दिलं ते प्रणिताच्याच हातात. तिनं फोडलं. चापून वेणी घातलेली मनकर्णा फोटोतून बघत होती. प्रणिता धावतच वडिलांकडे, अप्पांकडे गेली.

अप्पांनी पासपोर्ट गादीखाली सरकवला.

“हे कुणाला बोलायचं नाही,” ते म्हणाले. “आपला योगीराज बारावीत आपटलाय. त्याचं काही बघायला नको? ती पोरगी परत येऊन मेंढ्याच राखणार.”

चार दिवसांनी त्यांनी सिदूला दुकानात बोलावलं. “सिदू, पोरीची जन्मतारीख तू चुकीची सांगितलीस. पासपोर्ट नामंजूर झाला.” सिदूला वाचता येत नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि तसाच निघून गेला. प्रणिता आत तागे रचत होती. सगळं ऐकूनही ती रचतच राहिली.

मनकर्णाच्या जागी प्रणिताचा भाऊ योगीराज गेला, तिकडंच शिकला, तिकडंच राहिला. मंडळाचा परदेशातला कारभार आता तोच बघतो. मनकर्णाचं त्याच उन्हाळ्यात तेलगावला लग्न लावून दिलं.

इतिहासात काय लिहायचं ते अप्पांनी सांगून ठेवलं होतं: ‘कागदपत्रांतील त्रुटीमुळे प्रथम निवडलेली विद्यार्थिनी जाऊ शकली नाही.’ प्रणितानं ते लिहिलं, खोडलं, आणि सकाळच्या एसटीनं तेलगाव गाठलं.

मनकर्णा कापूस वेचत होती. पस्तिशीची बाई, पण उठताना कमरेला हात लावून उठली.

“गर्भाची पिशवी काढल्यापासून कंबर अशीच हाय,” बांधावर बसत ती म्हणाली. “ऊसतोडीवर पाळीचा खाडा नको म्हणून मुकादमानं लई धोसरा लावला. पंचवीस वर्सांची व्हते तवा.” मग जरा हसली. “माझी करिष्मा तुमच्या केंद्रात येती. आईकडं ठिवलीय तिला. माझ्यासारखीच पत्रं ल्हिती म्हणं.”

प्रणितानं आणखी थांबायचं नाही असं ठरवलं. “मनकर्णे, तुझा पासपोर्ट आला होता.”

“आलता?”

“माझ्याच हातात आला. तारीख बरोबर होती. तुझ्या बापाची काही चूक नव्हती. अप्पांनी दाबून ठेवला. आणि मी गप्प बसले.”

मनकर्णा हातातल्या बोंडातला कापूस ओढत राहिली. बोंड रिकामं झालं तरी तिची बोटं थांबेनात.

“सा वर्स झाली बापाला जाऊन,” ती म्हणाली. “त्याच्याशी मी धड बोललेच न्हाई कधी. दिवाळीला गेले तरी पाठ करून बसायचे. लई दिवस तो म्हणायचा, मी तारीख बरुबर सांगितलीती. पर मी आन आईनं बोलून बोलून त्याला कबूल करायला लावलं. शेवटच्या दुखण्यात म्हणला, चुकली पोरी माझी तारीख. मी म्हणले, चुकलीच.”

प्रणिताला रडू आवरेना.

“हितं रडू नको,” मनकर्णा म्हणाली. “शेटला म्हणावं, माझ्या आईपुढं येऊन सांगा. दुसरं काय नको मला.”

अप्पा ऐंशीला टेकलेले. प्रणिताचं ऐकून पलंगावरूनच म्हणाले, “मी जाणार नाही. एवढ्या लेकरांचं केलं ते एका पोरीपायी मातीत घालू?” योगीराजनं फोनवर पंचविशीच्या समारंभाची तारीख विचारली. मग म्हणाला, “समारंभ होऊ दे, प्रणिता. मग बघू.”

शेवटी प्रणिता एकटीच गेली. मनकर्णाची आई ताराबाई ओट्यावर वाकळ शिवत होती. सगळं ऐकून म्हातारीनं विचारलं, “म्हंजी त्यो खरं बोलत व्हता?”

“हो, मावशी.”

म्हातारीनं सुई वाकळीत खोवली आणि उठून घरात गेली. प्रणिता तासभर ओट्यावर बसली होती. म्हातारी बाहेर आली नाही.

पुस्तिका छापून आली ती अप्पांचंच वाक्य घेऊन. प्रणितानं मंडळ सोडलं. समारंभाला ती गेली नाही. ती का आली नाही, हेही कुणी विचारलं नाही.

तोडीचा हंगाम लागला तशी मनकर्णा ट्रॅक्टर घेऊन आईच्या दारात आली. करिष्मालाही तोडीवर न्यायचं म्हणून तिचे कपडे तिनं पोत्यात भरले. कळल्यावर प्रणिता तशीच निघाली.

“तिला नेऊ नकोस. मंडळात नको घालूस, माझ्या घरी ठेव. मी शिकवते.”

“तुझ्या घरी?” मनकर्णा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती विचारत होती. “शेटच्याच त्या घरी का?”

प्रणिता बाजूला सरली. ट्रॉलीत भांडी, सरपण आणि दोन शेळ्या होत्या. चौदा वर्षांची करिष्मा त्यावर चढली आणि आईला हात देऊन तिनं वर घेतलं. ट्रॅक्टर घाटाच्या रस्त्याला लागला. ताराबाई दारात उभी होती. तिनं प्रणिताकडे पाहिलं नाही, की जा असंही म्हटलं नाही.