बिनवासाची पावडर

पावडरचा डबा उघडला की मी आधी नाकाला लावते. गुलाब, चंदन, कसलाही वास आला की परत. केबिन रोडचा दुकानदार वैतागलाय माझ्यावर. "भाभी, पावडर है, इत्र नहीं!" वैतागू दे. माझा नवरा डेन्झिल गटाराच्या पाण्यात बुडी मारून पंपाचे अडकलेले दरवाजे सोडवतो. त्याच्या सूटला गळ्यापाशी पातळ रबराची घट्ट पट्टी असते. तिला साधी पावडर लावायची, मग डोकं आत जातं. वासाच्या पावडरमध्ये तेल असतं आणि तेलाने ते रबर सडतं. पट्टी फाटली की घाण पाणी आत शिरतं आणि माणूस जड होऊन तळाला जातो.

पावडर नेहमी मीच लावते. आज मी बाजारातून येईपर्यंत डेन्झिल सूट घेऊन निघून गेला होता. सूटच्या रिकाम्या खुंटीपाशी मला खोबरेल तेलाचा वास आला.

"आई, इथे तेल सांडलं?"

सासू, आयडा, बोंबील साफ करत होती. "सांडलं न्हाय गो. सूटच्या गळ्याला लावलंय मी. रोज थोडं थोडं, तुझी पावडर लावून झाली की. त्याचा गळा कसा काचलाय, बघितलास?"

"अगं, काय करून बसलीस तू!"

"तुझा सासरा दर्यावर निघाला की मी त्याच्या गळ्याला तेल लावायची. हा लावून घेत न्हाय. मग सूटलाच लावलं."

मी मुकादम दशरथला फोन लावला.

"वहिनी, टेन्शन नको. आज गळ्यातून डोकं एकदम सुळकन गेलं. डेन्झिल पण खूश. आता टोपी चढवतोय."

"दादा, थांबवा त्याला! तो गळा..."

पंपाची घरघर. "काय? नंतर बोला." फोन कट. परत कोणी उचललाच नाही.

मी रिक्षा थांबवली. आयडा न विचारता शेजारी येऊन बसली, हातात तेलाची बाटली तशीच. खाडीवरच्या पंपापर्यंत ती "नमो मरिये"ची प्रार्थना पुटपुटत होती. "त्याला काही झालं ना, तुझं तोंड बघणार नाही मी," मी ओरडले.

पोचलो तेव्हा डेन्झिल शिडीवर होता. काळं पाणी छातीपर्यंत आलेलं. हाका मारून उपयोग नव्हता, लोखंडी टोपीत काय ऐकू येणार? बघता बघता टोपीही पाण्याखाली गेली.

मी दशरथच्या हातातली, डेन्झिलला बांधलेली दोरी हिसकावली आणि चार झटके दिले. चार म्हणजे वर ये, डेन्झिलनेच शिकवलेलं. दोरी ढिलीच. परत चार दिले. देवा रे, ये ना!

टोपी वर आली.

"वेड लागलं काय तुला?" टोपी काढल्या काढल्या तो खेकसला. मी त्याच्या गळ्याच्या पट्टीत बोटं घालून ओढली. भिजलेल्या पापडासारखी ती माझ्या हातात आली.

डेन्झिलने तुकडा हुंगला. मग आईकडे बघितलं, तिच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. आता हा फाडून खाणार तिला, मला वाटलं. खरं सांगते, मला तेच हवं होतं.

तो तिच्यासमोर पायरीवर बसला आणि मान वाकवली. गळ्याभोवती लाल वळ उठला होता.

"लाव आई," तो म्हणाला. "पण माझ्या गळ्याला. सूटला न्हाय."

तिच्या हातून बाटलीचं झाकण निघेना. ते मी उघडून दिलं.